जुनी स्कूटर

घरातील एखादी वस्तू मोडली म्हणजे तिचे काय करावे हे ठरविणे सोपे असते. फुटलेला माठ कोणी सांधीत बसत नाही, आणि छत्रीची काडी बसवून आणावी की नाही यासाठी घरात सभा भरत नाही. खरी अडचण पडते ती जुन्या झालेल्या, पण अजून चालत असलेल्या वस्तूची. ती टाकवत नाही आणि आहे तशी ठेववतही नाही. मग कोणी म्हणतो, तिला रंग द्या. कोणी म्हणतो, तिच्यात नवे यंत्र बसवा. कोणी म्हणतो, ती विका आणि नवी आणा. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या परीने योग्यच असते, आणि म्हणूनच निर्णय कठीण होऊन बसतो.

पुण्यातील एका घरी हा प्रश्न अगदी दाराशीच उभा होता. ती एक निळ्या रंगाची चेतक स्कूटर होती. घरातील आजोबांनी ती ऐन उमेदीत घेतली होती. तिच्यावरून त्यांनी वीस वर्षे कचेरी गाठली, मंडईतून भाजी आणली, पावसाळ्यात गॅसची टाकीही पायांशी उभी करून आणली. आता मात्र त्यांचा गुडघा त्यांना किक मारू देईना. त्यातच स्कूटरच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. खासगी वाहनाची नोंदणी प्रथम १५ वर्षांपुरती असते. पुढे वाहनाची तपासणी होऊन ती दर खेपेस ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा तपासणीला जाण्यापूर्वी स्कूटरचे काय करावयाचे ते एकदा ठरवून टाकावे, असे सर्वांच्या मनाने घेतले. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढलेली होती. परंतु ती एकच काम करण्यापुरती होती.

आजोबांचे मत ठरलेले होते. स्कूटरमध्ये काडीचाही बदल करू नये, ब्रेक व तारा नव्या घालाव्यात आणि ती आहे तशीच ठेवावी, असे ते म्हणत. जुन्या वस्तूवरील माया तर त्यांच्या बोलण्यात होतीच. पण तिच्या घडणीविषयीचा आदरही होता.

खरे पाहता, स्कूटरचा जन्मच मुळी एका बदलातून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पाँतेदेरा येथील पिआज्जिओ कंपनीचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर लोकांना विमाने नको होती. कामावर जाण्यायेण्यासाठी स्वस्त वाहन हवे होते. कंपनीचे प्रमुख एनरिको पिआज्जिओ यांनी हे काम कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे सोपविले. हा गृहस्थ विमानांचा व हेलिकॉप्टरचा जाणकार होता, आणि मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, साखळीच्या तेलाने कपडे मळतात, आणि चाक पंक्चर झाले तर ते काढणे म्हणजे एक दिव्यच असते. तिच्या या खोडी त्याने एकेक करून दूर केल्या. इंजिन मागच्या चाकापाशीच बसवून त्याने साखळीची गरज नाहीशी केली. बसणाऱ्याला पाय सहज ठेवता यावेत म्हणून मधला भाग मोकळा ठेवला. गिअर हँडलच्या मुठीत आणला. विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले, त्यामुळे ते चटकन काढता येऊ लागले. १९४६ साली हे वाहन तयार झाले. त्याची बारीक कंबर आणि त्याचे घोंघावणे यांमुळे गांधीलमाशीची आठवण होई. इटालियन भाषेत गांधीलमाशीला ‘व्हेस्पा’ म्हणतात. तेच त्याचे नाव झाले.

हीच व्हेस्पा पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज कंपनी परवाना घेऊन बनवू लागली. १९७१ साली तो करार संपला, आणि १९७२ पासून त्याच घडणीची स्कूटर राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून रस्त्यावर आली. त्या काळी पैसे हातात असले म्हणजे स्कूटर मिळे असे नव्हे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. या आजोबांनी नाव नोंदविले तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. स्कूटर घरी आली तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. इतक्या प्रतीक्षेने मिळालेल्या वस्तूला कोणी हात लावावा, हे त्यांना कसे रुचणार?

नातवाचे मत अगदी निराळे होते. तो नुकताच महाविद्यालयात जाऊ लागला होता. स्कूटरला काळा व तांबडा रंग द्यावा, रुंद टायर घालावेत, मोठा सिलिंडर बसवून तिची ताकद वाढवावी आणि सायलेन्सर बदलून तिचा आवाज भारदस्त करावा, अशी त्याची योजना होती. तिचे चित्रही त्याने वहीच्या पाठीमागे काढून ठेवले होते.

या हौसेला हसण्याचे कारण नाही. कारखान्यातून हजारो स्कूटरी एकसारख्या बाहेर पडतात. त्यांतील एक आपली आहे असे दिसावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये ‘मॉड्स’ या नावाने ओळखले जाणारे तरुण होते. ते आपल्या स्कूटरीला पुढे दिव्यांच्या रांगा आणि दोन्ही बाजूंना आरशांचे झुपके लावीत. एवढ्या आरशांत ते मागची वाहने पाहत असत असे नाही; त्यांना रस्त्यावर आपली ओळख पटवून द्यावयाची होती. महाराष्ट्रातही दसऱ्याच्या दिवशी स्कूटर धुऊन, पुसून, तिला झेंडूची माळ घालतात, तेव्हा तिचे रूप किती पालटते! शोभेला कोणाचीच हरकत नसते. प्रश्न उभा राहतो तो शोभेच्या पलीकडे हात घातल्यावर.

यंत्राचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी बांधलेला असतो. इंजिनाची ताकद वाढविली म्हणजे वेग वाढतो. पण ब्रेक पूर्वीचेच राहतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते जवळजवळ चौपट होते. म्हणजे जी स्कूटर पूर्वी १० पावलांत थांबत होती, तिला आता ४० पावले लागणार. त्या चाळीस पावलांत रस्ता ओलांडणारे एखादे मूल असू शकते. आवाजाचेही तसेच आहे. तो चालविणाऱ्याच्या कानांना गोड वाटला, तरी गल्लीतील आजारी माणसाला आणि पाळण्यातील बाळाला तो सोसावाच लागतो. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाने या हौसेला मर्यादा घातली आहे. कारखानदाराने दिलेले जे वर्णन नोंदणीपत्रात असते, त्याच्याशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले.

घरातील तिसरे मत नातीचे होते. ती शास्त्राची विद्यार्थिनी. तिचा मुद्दा धुराचा होता. जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. त्याला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागे. एक लिटर पेट्रोलला सुमारे २० मिलिलिटर तेल. ते तेलही जळते आणि त्याचा निळसर धूर मागे राहतो. शिवाय अशा इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच नवे मिश्रण आत शिरते, आणि त्या गर्दीत थोडे न जळलेले पेट्रोलही बाहेर निसटते. म्हणजे पैसाही जातो आणि हवाही बिघडते. “आजोबा, तुम्ही रोज फिरायला जाता ती हवा हीच ना?” असे ती म्हणाली, तेव्हा आजोबांना चटकन उत्तर सुचले नाही. तिच्या मते जुनी स्कूटर काढून टाकावी आणि विजेवर चालणारी नवी आणावी. स्कूटर बनविणे थांबविण्याचा निर्णय बजाज कंपनीने २००९ साली जाहीर केला होता. पण पुढे २०१९ साली चेतक हेच नाव घेऊन विजेची स्कूटर लोकांसमोर आली आणि २०२० च्या जानेवारीत तिची विक्री सुरू झाली. नाव तेच राहिले आणि आतले यंत्र पालटले, याकडे नातीने मुद्दाम सर्वांचे लक्ष वेधले.

बाबांनी यातून मधला मार्ग काढला. बाहेरचा पत्रा जुनाच ठेवावा आणि आत विजेची मोटर व बॅटरी बसवावी, असे त्यांना वाटे. कल्पना चांगली होती. परंतु असा बदल मनास येईल तसा करता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संच लागतो, तो मान्यता असलेल्या जागीच बसवावा लागतो आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. वाहनांची व त्यांच्या भागांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे, हे बाबांना माहीत होते. त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली. पण त्यांच्या स्कूटरला बसेल असा मान्यतेचा संच त्यांना मिळाला नाही.

याप्रमाणे चार माणसांची चार मते झाली, आणि स्कूटर दाराशी उभीच राहिली. अखेरीस आजोबांनी ती ओळखीच्या मेस्त्रीकडे नेली. मेस्त्री पन्नाशीचे होते. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत कोणता भाग कोठे मिळतो हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी स्कूटर एका बाजूला कलती केली, तारा ओढून पाहिल्या, प्लग काढून पुसला. मग नातवाकडे वळून त्यांनी विचारले,

“रंग कोणता द्यायचा, इंजिन कोणते बसवायचे, हे सगळे तुम्ही सांगितलेत. पण चालवणार कोण?”

कोणीच बोलेना. आजोबांना किक मारता येत नव्हती. बाबा रेल्वेने कामावर जात. नात महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायला जाणार होती. नातवाचे महाविद्यालय घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर होते.

तेवढ्यात मेस्त्रींनी पाय ठेवण्याच्या पत्र्यावरील रबर उचलले. खाली चार भोके दिसली. त्यांच्या कडा गंजून गोल झाल्या होत्या. “काका, ही भोके कशाची?” त्यांनी विचारले. “कंपनीची तर नाहीत.”

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ती मीच पाडून घेतली. इथे लहान खुर्ची होती.”

ती खुर्ची त्यांच्या मुलीसाठी होती. स्कूटर घरी येण्यापूर्वीच तिला पोलिओ झाला होता आणि उजव्या पायातील शक्ती गेली होती. इतर मुले वडिलांच्या पुढे हँडल धरून उभी राहत. तिला तसे उभे राहवत नसे. म्हणून आजोबांनी कोऱ्या करकरीत स्कूटरच्या पत्र्याला भोके पाडून एक लहानशी लोखंडी खुर्ची बसवून घेतली होती. त्या खुर्चीवर बसून ती शाळेत गेली आणि पायाच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यातही गेली. पुढे ती मोठी झाली आणि खुर्ची निघाली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले; परंतु त्यापूर्वी ज्यांचे पाय अधू झाले, ते काही त्यामुळे परत बळकट झाले नाहीत. ती मुलगी म्हणजेच या मुलांची आत्या. ती एका संस्थेत शिवणकाम शिकवीत असे आणि रोज कुबडी सांभाळीत दोन बसगाड्या बदलून कामावर जात असे. स्कूटरविषयी घरात महिनाभर चर्चा चालली होती. त्या महिनाभरात आत्या रोज संध्याकाळी थकून घरी येत होती, तिच्या हातचा चहा पीत सर्वजण वाद घालीत होते, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते.

त्या रात्री आजोबांनी तिला विचारले. ती प्रथम “मला कशाला?” म्हणाली. मग म्हणाली, “येईल मला. पण ही नाही येणार.”

तिचे म्हणणे बरोबर होते. जुन्या चेतकची किक उजव्या बाजूला असते आणि मागच्या चाकाचा ब्रेकही उजव्या पायाने दाबावा लागतो. जो पाय तिचे ऐकत नव्हता, त्याच पायाकडे स्कूटरने दोन कामे दिली होती. बाजूला आणखी चाके लावली तरी ही अडचण दूर होणार नव्हती. विजेच्या स्कूटरला किक नसते, गिअर नसतो आणि दोन्ही ब्रेक हातांतच असतात. तिला मागच्या बाजूस दोन जोडचाके लावली की ती उभी असतानाही कलंडत नाही. अशा बदलाला कायद्याची आडकाठी नाही. उलट, अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाची कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. मात्र ते वाहन त्या व्यक्तीनेच किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरावे, असा नियम आहे. म्हणजे घरात स्कूटर येणार होती, परंतु ती नातवाची होणार नव्हती.

नातवाने वही मिटली. त्याला वाईट वाटले नाही असे कोण म्हणेल? दोन दिवस तो कोणाशी फारसे बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो मोजपट्टी घेऊन आत्याच्या खोलीत गेला आणि तिच्या कुबडीची लांबी मोजू लागला. स्कूटरवर बसल्यावर कुबडी कोठे ठेवावयाची, याचा विचार कोणीच केला नव्हता. ती हाताशी हवी, पण पायात येता कामा नये. घट्ट हवी, पण एका हाताने सुटली पाहिजे. त्याने वहीचे नवे पान उघडले. मेस्त्रींच्या मदतीने त्याने डाव्या बाजूला दोन रबरी चिमटे बसविले. पहिले फार उंच झाले, दुसरे सैल झाले, तिसरे बरोबर बसले.

बाजूला काढलेली रक्कम नव्या स्कूटरला पुरली. जोडचाकांना पुरली नाही. तेव्हा आजोबांनी जुनी चेतक विकण्याचे ठरविले. जुन्या स्कूटरी मूळ स्वरूपात जपणारे हौशी लोक असतात. तसे एक गृहस्थ मिळाले. त्यांनी स्कूटर सर्व बाजूंनी पाहिली, रबर उचलून पाहिले आणि म्हणाले, “बाकी सगळे मूळचे आहे. ही चार भोके तेवढी बुजवून घेईन.”

घरातील सर्वांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, “बुजवा. त्यांचे काम झाले.”

नवी स्कूटर आली तेव्हा तिच्या रुंदीमुळे फाटकाजवळची तुळस दोन हात मागे सरकवावी लागली. आत्याला परवाना मिळेपर्यंत काही आठवडे गेले. जोडचाकांची स्कूटर वळणावर साध्या स्कूटरीसारखी आत झुकू शकत नाही. म्हणून वळण नेहमी हळू घ्यावे लागते, हे तिला मेस्त्रींनी पुनःपुन्हा सांगितले होते. पहिल्या दिवशी कामावर जाताना तिने कुबडी चिमट्यात अडकविली, स्कूटर सुरू केली आणि ती आवाज न करता निघाली. नातू फाटकापाशी उभा होता. कोपऱ्यावरील वळण तिने अगदी सावकाश घेतले, आणि मग सरळ रस्ता लागल्यावर वेग थोडा वाढविला.

वस्तू बदलावी की तशीच ठेवावी, जुनीला सजवावे की नवी आणावी, याचे एकच उत्तर नाही. आजोबांची माया खोटी नव्हती, नातवाची हौस वाईट नव्हती, नातीचा हिशेब चुकीचा नव्हता आणि बाबांची कल्पनाही टाकाऊ नव्हती. परंतु रंग, वेग आणि किंमत यांचा विचार करण्यापूर्वी ती वस्तू कोणाच्या उपयोगी पडावयाची आहे, हे विचारले पाहिजे. आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज आहे तो पुष्कळदा सर्वांत कमी बोलतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.